ड्रायव्हरचा स्लाइस जात नाहीये, नक्की सुरुवात कुठून करू?

खारघर_वीकेंड:
नमस्कार मंडळी. उजव्या हाताने खेळतो, वय चाळिशीच्या पुढे. आधी ऑफिस क्रिकेट भरपूर खेळायचो, गुडघ्याने साथ सोडली तेव्हा गोल्फकडे वळलो आणि आता शनिवार-रविवार सिडकोच्या खारघरच्या कोर्सवर असतो.

प्रश्न स्लाइसचाच आहे, म्हणजे बॉल हवेत उजवीकडे वळण्याचा. सात नंबरचं आयर्न बऱ्यापैकी सरळ जातं, वेजला तर काहीच त्रास नाही, पण ड्रायव्हर (लांब मारायचा सगळ्यात मोठा क्लब) हातात घेतला की बॉल आधी थोडा डावीकडे निघतो, पहिले दोन सेकंद वाटतं की चला आज जमलं, आणि मग हवेतच उजवीकडे वळायला लागतो तो थेट रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात), नाहीतर ओबी, म्हणजे हद्दीबाहेर. म्हणून मी डावीकडे एम (नेम) करायला लागलो, तर अजूनच जास्त वळतोय, हे कसं काय ते कळतच नाही.

एकजण म्हणतो डोकं खाली ठेव, दुसरा म्हणतो हळू मार, तिसरा म्हणतो ड्रायव्हरच बदल, ऑफसेटवाला घे, म्हणजे फेस शाफ्टच्या जरा मागे असलेला. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येकाचं वेगळंच. कोच लावायला माझी हरकत नाही, पण बॉल असा का जातो ते आधी मला स्वतःला समजून घ्यायचंय. ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेसचा वरचा कल) १०.५ डिग्री आहे, शाफ्ट (दांडा) स्टिफ, सेकंडहँड घेतलाय, हॉझल (शाफ्ट डोक्याला जोडतो तो भाग) अ‍ॅडजस्टेबल आहे पण त्याला अजून हात लावलेला नाही. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

सॅनहोजे_पुणेकर:
प्रश्न एकदम नीट लिहिलाय, बॉल निघतो कुठे आणि वळतो कुठे हे दोन्ही सांगितलंत, बहुतेक लोक फक्त "उजवीकडे जातो" एवढंच लिहितात आणि मग कोणीच काही सांगू शकत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या धरा. एक म्हणजे क्लबफेस (बॉलला लागणारी बाजू) इम्पॅक्टला, बॉल लागतो त्या क्षणी, कुठे बघतोय, आणि दुसरी म्हणजे क्लबहेड कुठल्या दिशेने चाललंय, म्हणजे पाथ. बॉल ज्या दिशेने निघतो ती मुख्यतः फेसची दिशा असते, ड्रायव्हरला साधारण ८० ते ८५ टक्के फेस आणि उरलेला पाथ. आणि बॉल वळतो तो फेस आणि पाथ यांच्यात जो फरक असतो त्यामुळे. फेस पाथच्या उजवीकडे उघडा असेल तर बॉल उजवीकडे वळणार, मग फेस टार्गेटच्या डावीकडे बघत असला तरीही. पूर्वी बरोब्बर उलटं शिकवायचे, की बॉल पाथच्या दिशेने निघतो आणि फेसकडे वळतो, पण ट्रॅकमॅनसारखी रडारवाली यंत्रं आल्यावर सगळ्यांना आकड्यात दिसलं की तसं नाहीये. जुनं ऐकलेले लोक अजूनही प्रॅक्टिस रेंजवर तेच सांगत असतात, सांभाळून.

आता तुमची केस. बॉल डावीकडे निघतोय म्हणजे फेस टार्गेटच्या डावीकडे आहे, समजा २ डिग्री. तरी उजवीकडे वळतोय म्हणजे पाथ त्याहून डावीकडे आहे, समजा ७ डिग्री. फरक ५ डिग्रीचा. तुम्ही डावीकडे एम करता तेव्हा खांदे, पाय, सगळं डावीकडे जातं, पाथ ७ चा १० होतो, पण हातांना मात्र माहिती असतं की खरं टार्गेट तिकडे उजवीकडे आहे, त्यामुळे फेस तेवढा डावीकडे जात नाही. फरक वाढला, वळण वाढलं. कळलं ना? म्हणून डावीकडे एम करणं आजपासून बंद, हे सगळ्यात पहिलं.

आणि वेज का वळत नाही, तर लॉफ्टमुळे. वेजला बॅकस्पिन प्रचंड असतो, त्यामुळे तोच ५ डिग्रीचा फरक असला तरी स्पिनचा आस थोडासाच कलतो. ड्रायव्हरला लॉफ्ट कमी, बॅकस्पिन कमी, तोच फरक आसाला चांगलाच कलता करतो, वर बॉल लांबही जास्त जातो, म्हणजे वळणही जास्त दिसतं. तेव्हा "माझी आयर्न बरी आहेत, फक्त ड्रायव्हर खराब" असं मानू नका, स्विंग बहुधा तोच आहे, ड्रायव्हर तो लपवत नाही इतकंच.

क्लब आणि बॉलचा संपर्क अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो, त्या वेळात मनगट फिरवून फेस बंद करू असं कोणाला जमत नाही. जे करायचं ते त्याच्या आधीच.

येरवडा_मॉर्निंग:
पुणेकर साहेबांनी फिजिक्स छान सांगितलं. मी हाताचं सांगतो. मित्रा, आधी ग्रिप बघ. माझ्या मते स्लाइसवाल्या दहा जणांत सात-आठ जणांचा डावा हात चुकीचा असतो.

डावा हात बघ. क्लब तळहातात नको, बोटांत पाहिजे, तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरका. मग हात बंद कर. वरून बघितल्यावर डाव्या हाताचे किमान दोन नकल (बोटांच्या मुळाची हाडं) दिसले पाहिजेत, तुझ्यासारख्याने अडीच-तीन दिसले तरी चालेल. अंगठा आणि तर्जनीमध्ये जो व्ही होतो तो उजव्या खांद्याकडे जायला हवा. तुझा बहुतेक हनुवटीकडे जात असेल, त्याला वीक ग्रिप म्हणतात, ताकदीशी त्याचा संबंध नाही. उजव्या हाताचा व्ही पण उजव्या खांद्याकडेच.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. आधी क्लबफेस स्क्वेअर, म्हणजे टार्गेटकडे सरळ, ठेवायचा, मग त्यावर हात बसवायचा. बरेच लोक क्लब हातात तसाच ठेवून दोन्ही मनगटं उजवीकडे फिरवतात आणि म्हणतात ग्रिप स्ट्राँग केली. अरे, तू फक्त फेस उघडलास.

ग्लोव्ह बघायची सवय लाव. तळव्याच्या टाचेकडे, म्हणजे करंगळीच्या खालच्या मांसल भागात भोक पडत असेल तर क्लब तळहातात आहे आणि स्विंगमध्ये सरकतोय. आमच्याकडचे जुने कॅडी साहेबाचा ग्लोव्ह बघूनच सांगतात बॉल कुठे जाणार ते, आणि बरोबर सांगतात. पुण्यात पीजीटीआयची (भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरची) स्पर्धा असेल तेव्हा सकाळी लवकर जाऊन प्रॅक्टिसला उभा राहा आणि नुसते हात बघ. आपला उदयन माने इथलाच, टोकियो ऑलिंपिकला खेळून आलेला, असे खेळाडू समोर दहा फुटांवर बॉल मारताना बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. लोक त्यांचा बॉल कुठे जातो ते बघत बसतात. बॉल सोड, बॉलमागे उभा राहून ते ग्रिप किती सावकाश, किती काळजीने धरतात ते बघ.

आणि क्रिकेटचं. तू खेळलेला आहेस म्हणून सांगतो, क्रिकेटमध्ये ड्राइव्ह मारताना कोपर उंच आणि बॅटचा फेस शेवटपर्यंत बॉलला दाखवायचा हे अंगात भिनलेलं असतं. गोल्फमध्ये इम्पॅक्टनंतर डावं कोपर तसंच उंच, बाहेर गेलं की फेस उघडाच राहतो. डावं कोपर खाली, जमिनीकडे बघत दुमडलं पाहिजे. आपल्याकडे क्रिकेटमधून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे घालवायला लागतं.

कोथरूड_टू_ऑस्टिन:
ग्रिपचं मान्य, पण इथे थोडं असहमत. धागाकर्त्यांचा बॉल डावीकडे निघतोय. फेस ऑलरेडी टार्गेटच्या डावीकडे आहे हे वर पुणेकरांनीच लिहिलंय. मग ग्रिप स्ट्राँग करून फेस अजून बंद केला तर बॉल सरळ डावीकडच्या झाडीत जाणार ना? माझ्या मते यांचा खरा रोग पाथ आहे, टॉपवरून, म्हणजे क्लब मागे पूर्ण वर गेला की तिथून, उजवा खांदा बाहेर फेकला जातोय, ओव्हर द टॉप. आधी तो बरा करा.

सगळ्यात आधी सेटअप बघा, स्विंगला हात लावायच्या आधी. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. लोक लांब मारायच्या नादात बॉल पार डाव्या अंगठ्याच्याही पुढे टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) लावतात, मग तिथपर्यंत पोचायला खांदे उघडतात, क्लब आर्कवर डावीकडे वळलेला असतो, आणि पाथ खराब व्हायला स्विंग सुरूच व्हावा लागत नाही. पायाच्या रेषेत एक काठी ठेवा आणि दुसरी काठी छातीवर आडवी धरून बघा, खांदे कुठे बघतायत. पाय सरळ आणि खांदे डावीकडे, असं फार जणांचं असतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली पाहिजे, आणि टी इतकी उंच की निम्मा बॉल ड्रायव्हरच्या डोक्यावरून दिसेल.

मग ड्रिल. टार्गेट लाइनच्या पलीकडे, बॉलच्या जरासं मागे, हेडकव्हर किंवा बॉलचं रिकामं खोकं ठेवा, बॉलपासून एका क्लबहेडच्या अंतरावर. वरून बाहेरून आलात तर खोकं उडणार. सुरुवातीला बॉल ठेवूच नका. दुसरं, उजवा पाय चार-सहा इंच मागे घेऊन अर्ध्या वेगाने मारायचे, त्याने आतून येणं काय असतं ते शरीराला कळतं. आणि मनात एकच गोष्ट ठेवायची, टॉपला गेल्यावर पाठ टार्गेटकडे थोडी जास्त वेळ राहू दे, आधी कंबर सुटू दे, खांदे नंतर. हात खाली यायला जागा तिथेच मिळते.

सॅनहोजे_पुणेकर:
ऑस्टिनकर, तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि तरीही क्रम मी उलटा ठेवेन. सांगतो का.

पाथ डावीकडे का गेला हा प्रश्न विचारा. माणूस जन्मतः ओव्हर द टॉप मारत नाही. सुरुवातीला फेस उघडा असतो, बॉल उजवीकडे जातो, एकदा, दहादा, शंभरदा. मग शरीर आपोआप डावीकडे ओढायला लागतं, कारण उजवीकडे जाणारा बॉल त्याला थांबवायचाय. पाथ ही त्या उघड्या फेसवरची भरपाई आहे. आता फेस तसाच ठेवून नुसता पाथ सरळ केला तर बॉल कुठे जाईल? आणखी उजवीकडे. पहिल्या पाच बॉलमध्येच शरीर घाबरून जुन्या पाथवर परत येणार, कितीही खोकी ठेवा.

म्हणून आधी ग्रिप आणि मनगट, म्हणजे फेस. त्याने होईल असं की बॉल सरळ रेषेत डावीकडे जायला लागेल, न वळता. हा पुल दिसला की समजायचं काम झालंय, घाबरायचं नाही. फेस आणि पाथ जुळले. आता बॉल डावीकडे जातोय म्हटल्यावर शरीराला उजवीकडे स्विंग करायचं कारण मिळतं, आणि तेव्हा तुमचे हे सगळे ड्रिल लागू पडतात, आधी नाही. बेन होगनचं उलट्या दिशेने झालं होतं, त्याला हूकचा (बॉल जोरात डावीकडे वळण्याचा) त्रास होता आणि त्याने डावा हात वीक केला, त्याचा फेड, म्हणजे हलकाच उजवीकडे वळणारा बॉल, त्यातून आला. एवढ्या मोठ्या खेळाडूनेही उत्तर हातात शोधलं.

मनगटाचं राहिलंच. टॉपला डावं मनगट मागे मुडपलेलं असेल, कप झालेलं, तर फेस उघडतो, ग्रिप कितीही चांगली असो. फोनवर मागून व्हिडिओ घ्या. ग्लोव्हची मागची बाजू आणि हाताचा पुढचा भाग एका सपाट रेषेत दिसला पाहिजे. आणि बॅकस्विंगमध्ये शाफ्ट जमिनीला समांतर होतो तिथे थांबून बघा, फेसची खालची कड साधारण तुमच्या पाठीच्या कलाएवढी कललेली असावी. फेस आकाशाकडे बघत असेल तर तिथेच उघडला.

नाशिकची_पार_थ्री:
सगळे स्विंगवर बोलतायत, मी एक साधं विचारते, दादा, बॉल फेसवर कुठे लागतोय ते बघितलंत का? कारण तुम्ही जे वर्णन केलंय, डावीकडे निघून उजवीकडे वळणं, ते निव्वळ हीलवर, म्हणजे फेसच्या शाफ्टकडच्या भागावर, लागल्यानेही तसंच्या तसं होतं.

ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, बाहेरून फुगीर असतो, त्याला बल्ज म्हणतात. हीलकडचा भाग त्यामुळे किंचित डावीकडे बघतो, म्हणून बॉल डावीकडे निघतो. आणि मध्यापासून दूर लागलं की क्लबहेड फिरतं आणि बॉलला उलट्या बाजूचा स्पिन देतं, गिअर इफेक्ट. हीलला लागला तर स्लाइसचा स्पिन, टोकडे (फेसच्या बाहेरच्या टोकाला) लागला तर ड्रॉचा, म्हणजे डावीकडे वळवणारा. म्हणजे फेस-पाथ बऱ्यापैकी असताना सुद्धा तुम्ही हीलवर मारत असाल तर स्लाइस दिसणार आणि तुम्ही ग्रिप बदलत बसणार.

तपासायला खर्च नाही. ऑफिसमधला व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलवर मागच्या बाजूला मोठा ठिपका काढा, तो ठिपका फेसकडे येईल असा टी करा, मारा. फेसवर ठसा उमटतो. पुसा, परत मारा. दहा बॉलचे ठसे बघितले की कळतं. सगळे हीलकडे असतील तर बॉलपासून अर्धा-एक इंच मागे उभे राहा, वजन पायाच्या पुढच्या चवड्यावर झुकतंय का ते बघा, डाउनस्विंगमध्ये शरीर बॉलकडे ढकललं जातंय का बघा. एक ड्रिल आहे, दोन टी शेजारी शेजारी लावायच्या, आतली आणि बाहेरची, बॉल बाहेरच्या टीवर ठेवायचा आणि प्रयत्न करायचा आतली टी उडवायचा.

मी स्वतः फार वेगाने मारत नाही, म्हणून शाफ्टबद्दलही बोलते. स्टिफ शाफ्ट सेकंडहँड आला म्हणून वापरताय, तो तुमच्या वेगाला जास्त होत असेल तर काही जणांना फेस उघडा राहिल्यासारखा होतो. कोणाचा तरी रेग्युलर मागून दहा बॉल मारून बघा, लगेच विकत घेऊ नका. अ‍ॅडजस्टेबल हॉझलवर लॉफ्ट वाढवला की बहुतेक ड्रायव्हरमध्ये फेस थोडा बंद होतो, म्हणजे १०.५ चा ११.५ करून बघायला हरकत नाही, लॉफ्ट वाढल्याने वळणंही कमी होतं. त्याचा पाना मात्र क्लबसोबत येतो तोच वापरा, क्लिक होईपर्यंत, जोर लावून पिळायचं नाही. आणि डोक्यात काही खुळखुळतंय का (क्लबच्या), रबरी ग्रिप कडक झालीय का तेही बघा, आपल्या उन्हात गाडीच्या डिकीत क्लब राहिले की ग्रिप काचेसारखी होते आणि मग माणूस ती आवळून धरतो.

पण रोग स्विंगमध्ये असेल तर क्लबने त्याला फक्त झाकता येतं. ऑफसेट ड्रायव्हर वाईट नाही, खेळ आनंदाचा होत असेल तर जरूर घ्या, फक्त आधी मार्करने तपासा.

खारघर_वीकेंड:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. ताई, तुमचा मार्कर केला, ठसे मध्याच्या थोडे हीलकडे आहेत पण पार कडेला नाहीत. ग्रिप बघितली, येरवडाकर सर, व्ही खरोखरच हनुवटीकडे जात होता आणि ग्लोव्हला भोक अगदी तिथेच पडलंय.

ग्रिप बदलल्यापासून विचित्र वाटतंय, क्लब हातातून सुटेल असं वाटतं, आणि पुणेकर म्हणाले तसंच झालं, बॉल वळत नाही पण डावीकडे सरळ जातो, कधीकधी तर खालून जातो डावीकडे वळून. हे बरोबर चाललंय ना? आणि पुढच्या रविवारी मित्रांची मॅच आहे, त्यात काय करू, जुनी ग्रिप घेऊ का तेवढ्यापुरती?

येरवडा_मॉर्निंग:
जुनी ग्रिप घेऊ नकोस, अजिबात. त्याने दोन्ही बाजू जातात. नवीन ग्रिप घरात टीव्हीसमोर बसून धर, सोड, परत धर, बॉल मारायची गरज नाही, हाताला ती ओळखीची झाली पाहिजे. सुटेल असं वाटतंय कारण बोटांना सवय नाही. शेवटच्या तीन बोटांनी धर, अंगठ्याने दाबू नकोस, अंगठा दाबला की मनगट बंद पडतं.

मॅचला ड्रायव्हर बॅगेतच राहू दे. पाच नंबरचा वूड किंवा हायब्रिड, जे सरळ जातं ते टीवरून मार, वीस-तीस यार्ड कमी गेलं तर बिघडत नाही. ओबीचा दंड स्ट्रोक आणि डिस्टन्स, म्हणजे टीवरून तिसरा मारायचा, तो ड्रायव्हरच्या कुठल्याही लांबीपेक्षा महाग पडतो. सुरुवातीलाच विचारून घे की २०१९ पासूनचा तो लोकल रूल लावलाय का, दोन स्ट्रोक घेऊन फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या) कडेला ड्रॉप करायचा, मित्रांच्या खेळात बरेच जण लावतात, वेळ वाचतो.

कोथरूड_टू_ऑस्टिन:
पुणेकरांचा क्रम बरोबर निघाला, मान्य. आता पाथची पाळी.

डावीकडे सरळ जातोय म्हणजे फेस आणि पाथ दोन्ही डावीकडे, एकमेकांशी जुळलेले. खाली डावीकडे वळून जातोय त्या बॉलला फेस पाथपेक्षाही बंद आहे, तीन नकल दिसत असतील तर अडीचवर या, त्याहून जास्त छेडू नका. आता खोकं ठेवा, उजवा पाय मागे घ्या, आणि ड्रायव्हर नको, आधी सात नंबरच्या आयर्नने, नऊ वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत, म्हणजे हात कमरेपर्यंत मागे आणि कमरेपर्यंत पुढे, एवढाच स्विंग. टार्गेटच्या किंचित उजवीकडे एखादं झाड धरा आणि बॉल तिथून निघून मध्याकडे यायला पाहिजे असं बघा. तिथून निघाला आणि वळला नाही तरी चालेल. तिथून निघून उजवीकडेच वळला तर परत ग्रिप बघा, बहुधा न कळत जुनी आली असेल.

ते जमलं की पूर्ण स्विंग, मग वूड, मग ड्रायव्हर. रेंजवर मॅटवरून मारताय तर मॅटच्या कडेच्या रेषेवर एम करू नका, ती कुठेही बघत असते, स्वतःची काठी टाका. व्हिडिओ मागून घेताना फोन हातांच्या उंचीवर आणि टार्गेट लाइनला समांतर ठेवा, तिरका ठेवला तर चांगला पाथही वाईट दिसतो. एक टाका इथे, बघून सांगतो.